हिरवळीवरची काळी गांधीलमाशी आणि जमिनीतली हुमणी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून या वेळी हुमणीविषयी, म्हणजे जमिनीत राहून मुळे खाणाऱ्या अळीविषयी, बरीच पत्रे आली आहेत. त्यांतल्या अनेक पत्रांत हुमणीबरोबरच जमिनीलगत उडणाऱ्या एका काळ्या गांधीलमाशीचाही उल्लेख आहे. बहुतेकांनी तिच्याकडे संशयाने पाहिले आहे, एका वाचकाने मात्र ती विकत कुठे मिळेल असे विचारले आहे. ही पत्रे एकमेकांशी जोडलेली असल्यामुळे त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

प्रश्न (जळगाव) : आमच्या वसाहतीच्या बागेत मोठी हिरवळ आहे. भाद्रपदात तिच्यावर पिवळे पट्टे पडू लागले. त्याच सुमारास रोज सकाळी ऊन वर आले की काळ्या, पोटावर पिवळसर पट्टे असलेल्या मोठ्या माश्या गवताच्या अगदी लगत घिरट्या घालू लागल्या. काही सभासदांच्या मते गवताची नासाडी याच माश्या करतात. माळी सगळ्या हिरवळीवर कीटकनाशक फवारायचे म्हणतो आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : फवारणी थांबवावी, ही पहिली विनंती. आपल्या वर्णनावरून या स्कोलिया कुळातील गांधीलमाश्या असण्याची दाट शक्यता आहे. त्या गवत खात नाहीत आणि गवताच्या मुळांनाही तोंड लावत नाहीत. मुळे खाणारी अळी जमिनीत असते, तिला आपण हुमणी म्हणतो, आणि या माश्या तिच्याच शोधात आपल्या बागेत आल्या आहेत. गवत पिवळे पडणे आणि माश्या दिसणे या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, म्हणून माश्यांवर आळ आला. त्यांना मारणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होईल.

तरीही हिरवळ हुमणीनेच पिवळी पडली आहे याची खात्री करून घ्यावी, कारण आपल्याकडे पाण्याचा ताण, वाळवी आणि बुरशी यांनीही असेच पट्टे पडतात. पट्ट्याच्या कडेचे, म्हणजे अर्धवट हिरवे असलेले गवत मुठीत धरून वर ओढावे. हुमणी लागलेली असेल तर मुळे तुटलेली असल्यामुळे गवताचा तुकडा सतरंजी उचलावी तसा सहज हातात येतो. मग एक फूट लांब आणि एक फूट रुंद असा चौकोन तीन बाजूंनी कापून उलटावा आणि खालची माती चार बोटे खोल उकरून पाहावी. पांढुरकी, मऊ, तपकिरी डोक्याची, तीन जोड पायांची आणि इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळून पडलेली अळी दिसली, तर ती हुमणी. अमेरिकेत जपानी भुंग्याच्या अळ्यांसाठी चौरस फुटाला पाच ते दहा अळ्या ही हिरवळीची सहनमर्यादा धरतात, कारण पाणी आणि खत व्यवस्थित मिळालेले गवत तेवढ्या अळ्या असूनही मुळे नव्याने फोडत राहते. आपली हुमणी त्या अळीपेक्षा आकाराने मोठी आहे, त्यामुळे आपण पाचच्या आतला आकडा धरावा. दोन-तीन ठिकाणी चौकोन उलटून एखाददुसरीच अळी सापडली, तर काहीही न करणे हाच योग्य उपाय आहे.

आता त्या माशीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तिची ओळख पटल्याशिवाय तिला सांभाळणे होणार नाही. मादी धडधाकट, काळी आणि लवदार असते. पोटावर पिवळसर किंवा नारिंगी पट्टे अथवा ठिपके असतात, आणि काही जातींच्या गडद पंखांवर उन्हात निळसर-जांभळी झाक दिसते. फुलावर स्थिर बसलेली माशी जवळून पाहायला मिळाली, तर पंखांच्या टोकाकडच्या भागावर बारीक, समांतर सुरकुत्या दिसतात. या कुळाची ती पक्की खूण आहे. पाय आखूड, जाड आणि काटेरी असतात, कारण तिला माती उकरायची असते. नर सडपातळ असतो, त्याच्या मिशा लांब असतात आणि पोटाच्या टोकाला तीन काटे असतात. हिरवळीवर सकाळी ज्या घिरट्या दिसतात त्यांत बऱ्याचदा नरांचीच गर्दी असते. जमिनीतून बाहेर पडणाऱ्या माद्यांची ते वाट पाहत असतात. मादी मात्र गवतालगत हळूहळू, वळणे घेत उडते, मध्येच उतरते, मिशांनी माती चाचपते आणि एखाद्या ठिकाणी थांबून सरळ मातीत शिरते.

पुढचे सगळे जमिनीखाली घडते. मातीतून वाट काढत ती हुमणीपर्यंत पोहोचते आणि अळीच्या छातीच्या खालच्या बाजूला दंश करते. हुमणीच्या जातीच्या अळ्यांमध्ये मज्जातंतूंच्या गाठी शरीरभर विखुरलेल्या नसून एका ठिकाणी जवळजवळ आलेल्या असतात, त्यामुळे नेमक्या जागी बसलेल्या दंशाने अख्खी अळी लुळी पडते. ती मरत नाही, म्हणून कुजतही नाही. मादी तिच्या पोटावर एकच अंडे घालते. काही जाती त्याआधी अळीला आणखी खोल नेऊन तिच्याभोवती मातीची लहानशी पोकळी तयार करतात. दोन-तीन दिवसांत अंड्यातून माशीची अळी निघते, हुमणीच्या कातडीला भोक पाडून डोके आत घालते आणि बाहेर राहूनच तिला आतून खाऊ लागते. फ्रेंच कीटकअभ्यासक जाँ आंरी फाब्र (१८२३–१९१५) यांनी हे खाणे फार बारकाईने पाहिले होते. माशीची अळी आधी चरबी आणि स्नायू खाते आणि ज्यांवर हुमणीचा जीव अवलंबून असतो ते भाग शेवटी खाते, असे त्यांना आढळले. त्यांनी ही अळी मूळ जागेवरून काढून दुसऱ्या जागी तोंड लावायला ठेवली, तेव्हा भक्ष्य लवकर मरून कुजले आणि ते खाणारी अळीही मेली. शेवटपर्यंत ताजे अन्न मिळण्यासाठी तिला खाण्याचा क्रम सांभाळावाच लागतो. एक-दोन आठवड्यांत हुमणीची रिकामी कातडी आणि टणक डोके तेवढे उरते. माशीची अळी तिथेच तपकिरी रेशमी कोष विणते, थंडी आणि उन्हाळा त्यात काढते आणि पावसाळ्यात माशी होऊन बाहेर येते.

स्कोलियाची मादी जितक्या हुमण्यांवर अंडी घालते त्याहून जास्त हुमण्यांना दंश करते, असेही पाहण्यात आले आहे. अंडे न घातलेल्या, पण लुळ्या पडलेल्या त्या अळ्यांनाही मुळे खाता येत नाहीत. म्हणून कोष मोजून जेवढा फायदा दिसतो त्याहून प्रत्यक्षातला फायदा थोडा अधिक असतो.

या माशीचेच एक लहान भावंड म्हणजे टिफिया. ती सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटरची, काळी, चकचकीत असते आणि पंख असलेल्या मोठ्या मुंगीसारखी दिसते, म्हणून बहुतेकांचे तिच्याकडे लक्ष जात नाही. तिचा दंश हुमणीला थोड्याच वेळासाठी लुळे करतो. अंडे घालून झाले की हुमणी पुन्हा हालचाल करू लागते आणि माशीची अळी पाठीवर किंवा पोटावर घेऊनच काही दिवस जगते. प्रत्येक जात अंड्यासाठी हुमणीच्या शरीरावरची ठरावीक वळीच निवडते. त्यामुळे अंडे कुठे चिकटले आहे यावरून टिफियाची जात ओळखायला अभ्यासकांना मदत होते.

आता आपल्या हिरवळीबद्दल. स्कोलिया मुख्यतः मोठी, वाढ झालेली हुमणी धरते. म्हणजे ती दिसते तोवर गवताचे बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते. यंदाचे पिवळे पट्टे तिच्यामुळे हिरवे होणार नाहीत. तिचा उपयोग पुढच्या पावसाळ्यात भुंगेरे, म्हणजे हुमणीपासून तयार होणारे प्रौढ भुंगे, कमी निघण्यात दिसेल. यंदासाठी पट्ट्यांतले मोकळे गवत उचलून अळ्या हाताने वेचाव्यात आणि उघडी जागा सकाळभर तशीच ठेवावी; साळुंक्या आणि कावळे उरलेल्या अळ्या टिपतात. मग माती दाबून, पाणी देऊन गवताची रोपे पुन्हा लावावीत. हिरवळीत हुमणी आली कुठून, तेही तपासावे. खानदेशातल्या बहुतेक वसाहतींत हिरवळीच्या कडेला कडुनिंब असतो आणि मध्यभागी रात्रभर जळणारा मोठा दिवा असतो. वळवाच्या पावसानंतर निघणाऱ्या हुमणीच्या भुंगेऱ्यांना कडुनिंबाचा पाला खायला मिळतो, दिवा त्यांना ओढून आणतो आणि खालच्या ओलसर, भुसभुशीत मातीत अंडी घालायची सोय होते. मे अखेर ते जून अखेर संध्याकाळी सात ते रात्री दहापर्यंत तो दिवा बंद ठेवता आला, तर कोणत्याही औषधापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

प्रश्न (अमळनेर) : आमच्या शाळेच्या मैदानावर अशाच माश्या दिसतात. त्या मुलांना चावतील का? पोळे शोधून जाळून टाकावे का?

उत्तर : त्यांना पोळे नसते. छताखाली कागदी पोळे करणाऱ्या, पिवळ्या-तांबूस गांधीलमाश्या कळपाने राहतात आणि पोळ्याजवळ गेलेल्यावर तुटून पडतात. स्कोलियाची प्रत्येक मादी एकटी राहते आणि तिला राखण्यासारखे घरच नसते, त्यामुळे माणसावर धावून येण्याचे तिला कारण नाही. घिरट्या घालणाऱ्या नरांना नांगीच नसते. मादी हातात पकडली किंवा अनवाणी पायाखाली सापडली तरच दंश करते. हा काळ थोड्या आठवड्यांचा असतो; तेवढे दिवस मुलांनी मैदानावर चप्पल-बूट घालावेत आणि माश्यांना हात लावू नये, एवढी सूचना पुरेशी आहे. गांधीलमाशीच्या दंशाने ज्या मुलाच्या अंगावर पूर्वी गांधी उठल्या असतील किंवा ज्याला श्वासाचा त्रास झाला असेल, त्याच्या बाबतीत मात्र डॉक्टरांचा सल्ला आधीच घेऊन ठेवावा. आपल्या शाळेत विज्ञानाचे शिक्षक असतील, तर त्यांनी मुलांना ही माशी फुलावर बसलेली लांबून जरूर दाखवावी.

प्रश्न (यावल) : बोंडअळीसाठी ट्रायकोग्रामाची कार्डे मिळतात. हुमणीसाठी या माशीची तशी कार्डे कुठे मिळतील? केळीच्या बेण्याबरोबरच ती लावता येतील का?

उत्तर : अशी कार्डे मिळत नाहीत, आणि कोणी ती विकू लागला तर घेऊ नयेत. ट्रायकोग्रामा ही डोळ्यांना जेमतेम दिसणारी माशी पतंगांच्या अंड्यांत आपली अंडी घालते. धान्यावर वाढणाऱ्या एका पतंगाची अंडी प्रयोगशाळेत हव्या तेवढ्या संख्येने मिळतात, ती कागदावर चिकटवता येतात आणि त्यांत ट्रायकोग्रामा वाढवता येते. हुमणीवरच्या माशीचे तसे नाही. तिच्या प्रत्येक पिल्लाला एक अख्खी, जिवंत, मातीत असलेली हुमणी लागते. हुमणीची एक पिढी वाढायला वर्ष लागते. टिफियाची मादी दिवसाला एक-दोनच अंडी घालते आणि आयुष्यभरात तिची अंडी काही डझनांपलीकडे जात नाहीत. एवढ्या संथ प्राण्याची पैदास करून तो पाकिटात भरून विकणे परवडणारे नाही. ट्रायकोकार्डांचा हुमणीवर काहीही परिणाम होत नाही, हेही येथे स्पष्ट करतो, कारण ती माशी भुंगेऱ्यांच्या जमिनीतल्या अंड्यांपर्यंत पोहोचत नाही.

तरी आपल्या प्रश्नामागे जो विचार आहे तो चुकीचा नाही. या माश्या एका देशातून दुसऱ्या देशात नेऊन सोडल्याची मोठी उदाहरणे आहेत. हवाई बेटांवर उसाची मुळे खाणारी एक परदेशी हुमणी पसरली, तेव्हा १९१६ च्या सुमारास फिलिपिन्समधून स्कोलिया नेण्यात आली आणि उसाचे नुकसान आटोक्यात आले. त्याच सुमारास मॉरिशसमध्ये उसावरच्या गेंडा भुंग्यासाठी मादागास्करची स्कोलिया आणली गेली. अमेरिकेत १९१६ मध्ये न्यू जर्सी राज्यात जपानी भुंगा प्रथम सापडला. त्याच्या अळ्या हिरवळी फस्त करू लागल्यावर जपान, कोरिया आणि चीन येथून टिफियाच्या जाती आणून सोडल्या गेल्या. त्यांतल्या दोन जाती तिथे कायमच्या रुजल्या, त्यांतली एक वसंतात आणि दुसरी उन्हाळ्याच्या अखेरीस काम करते.

पण या तिन्ही ठिकाणी कीड बाहेरून आलेली होती आणि तिचे शत्रू मागेच राहिले होते. ते शत्रू नंतर आणावे लागले. आपल्याकडची होलोट्रिकिया नावाची हुमणी इथलीच आहे. तिच्यावर जगणाऱ्या गांधीलमाश्याही इथल्याच आहेत आणि आपल्या बांधांवर, सातपुड्याच्या पायथ्याच्या गवतात, तापीकाठच्या मळ्यांत त्या कुणी न सोडता वावरत आहेत. विकत आणण्याऐवजी असलेल्या सांभाळणे हेच आपल्या हातात आहे, आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. केळीच्या बेण्याबाबत एवढेच सांगतो की, हुमणी असलेल्या शेतातले बेणे घेताना कंदाची माती पूर्ण झटकून, कंद तासून आणि पाहूनच घ्यावेत.

प्रश्न (साक्री) : उन्हाळ्यात उकिरडा उपसताना शेणखतात जाड पांढऱ्या अळ्या निघाल्या. शेत नांगरताना तपकिरी, कागदासारख्या आवरणाचे लांबट कोषही सापडले. दोन्ही हुमणीच समजून मारले. बरोबर केले का?

उत्तर : उकिरड्यातल्या सगळ्याच पांढऱ्या अळ्या पिकाच्या शत्रू नसतात. काही गेंडा भुंग्याच्या असतात. त्या कुजके शेण आणि पालापाचोळा खातात, आणि तो भुंगा नारळाच्या बागायतदाराला त्रासाचा असला तरी मका किंवा बाजरीची मुळे त्याच्या अळ्या खात नाहीत. काही अळ्या फुलांवर बसणाऱ्या भुंग्यांच्या असतात, आणि त्या ओळखायला सर्वांत सोप्या आहेत. अळी सपाट फरशीवर किंवा घमेल्याच्या तळाशी ठेवावी. ती उलटी होऊन पाठीवर भराभर सरकू लागली, पाय हवेत ठेवून, तर ती फुलभुंग्याची अळी होय. मुळे खाणारी हुमणी अशी पाठीवर चालत नाही. ती कुशीवर वळून पडते किंवा पायांनी माती धरण्याची धडपड करते. पाठीवर चालणाऱ्या अळ्या खत कुजवायला मदत करतात, त्यांना उकिरड्यातच राहू द्यावे. खऱ्या हुमणीची अंडी आणि लहान अळ्याही अर्धवट कुजलेल्या खताबरोबर शेतात येतात. म्हणून आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास शेतात टाकायचे शेणखत पूर्ण कुजलेले असावे आणि पसरण्यापूर्वी एक-दोन दिवस उन्हात पातळ थरात वाळवावे.

कोषांविषयी आपण आवर्जून लिहिलेत हे चांगले झाले. हुमणी रेशमी कोष विणत नाही. ती मातीतच गुळगुळीत पोकळी करून तिच्यात कोषावस्थेत जाते. तपकिरी, लांबट, सुक्या कागदासारखे आवरण असलेला आणि दाबला की लवचिक लागणारा कोष जमिनीत मिळाला, तर तो स्कोलिया किंवा टिफियाचा असण्याची शक्यता फार मोठी आहे. कोषाच्या एका टोकाला हुमणीचे कोरडे, तपकिरी डोके आणि सुरकुतलेली कातडी चिकटलेली असेल, तर शंकाच नको. नांगरटीत असे कोष उघड्यावर आले की उन्हाने तापून आतली माशी मरते किंवा पक्षी ते फोडतात. उन्हाळी नांगरट हुमणीचे सुप्त भुंगेरे उघड्यावर आणते, म्हणून ती थांबवा असे मी म्हणणार नाही. मात्र नांगरामागून चालणाऱ्या माणसाने कोष दिसले तर ते गोळा करून बांधाच्या सावलीतल्या बाजूला वीतभर खोल मातीत पुरावेत. पावसाळ्यात त्यांतून माश्या बाहेर येतील.

प्रश्न (शहादा) : मी घराभोवती आणि शेताच्या बांधावर फुलझाडे लावते. या माश्यांना थांबवून ठेवण्यासाठी कोणती झाडे लावावीत? झेंडू पुरेल का?

उत्तर : ताई, आपण विचारलेला प्रश्न फार मोलाचा आहे, कारण प्रौढ माशी हुमणी खात नाही. तिचे अन्न मधुरस आणि मावा किड्यांच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा. ज्या शेतात हुमणी पुष्कळ आहे पण फुलोरा नाही, तिथे माशी पोट भरण्यासाठी दूर निघून जाते. अमेरिकेत स्थिरावलेली उन्हाळ्याच्या अखेरची टिफिया रानगाजराच्या पसरट फुलोऱ्यावर हमखास सापडते, आणि वसंतातली जात झाडांच्या पानांवरचा माव्याचा चिकटा चाटते. या माश्यांची जीभ आखूड असल्यामुळे लांब नळीच्या फुलांतला रस त्यांना मिळत नाही. उथळ, उघडी फुले लागतात.

आपल्याकडे त्याच कुळातली पिके घरोघरी आहेत. कोथिंबीर, शेपू, बडीशेप आणि ओवा ही सगळी छत्रीसारखा पसरट फुलोरा देतात. कोथिंबिरीची आणि शेपूची जुडी कापून घेतल्यावर वाफ्याच्या कडेची चार-सहा रोपे तशीच फुलावर येऊ द्यावीत, धणेही मिळतील. हुमणीवरची माशी श्रावणापासून नवरात्रापर्यंत कामात असते, म्हणून शेपूची पहिली पेरणी मृगाचा पाऊस झाल्याबरोबर करावी आणि नंतर पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने दोनदा करावी, म्हणजे फुलोरा तुटत नाही. कोथिंबीर भर पावसात सडते. ती उंच वाफ्यावर किंवा कुंडीत घ्यावी. तुळशीच्या मंजिऱ्या आणि सूर्यफूलही उपयोगी आहेत. झेंडूची मोठी, दाट पाकळ्यांची फुले दिसायला सुंदर असली तरी या माशीच्या दृष्टीने ती जवळजवळ बंदच असतात. बांधावरचे सगळे गवत आणि रानफुले तणनाशकाने जाळून काढण्याची जी पद्धत अलीकडे पडली आहे, ती मला सर्वांत जास्त चिंतेची वाटते. बांध उघडा झाला की माशीला खायलाही राहत नाही आणि लपायलाही राहत नाही.

प्रश्न (पारोळा) : भुईमूग आणि मक्यात दरवर्षी हुमणी येते. पूर्वी आम्ही फोरेट टाकत होतो, आता दुकानदार दुसरी दाणेदार औषधे देतो. माशीच्या भरवशावर राहिलो तर पीक हाती येईल का?

उत्तर : एकट्या माशीच्या भरवशावर राहू नये, हे मी स्पष्ट लिहितो. चौरस मीटरला एक अळी सापडली तरी शेतपिकात उपाय सुरू करावा असे मानतात, कारण एक मोठी हुमणी ओळीतली रोपे एकामागून एक सुकवत जाते. हिरवळीची सहनशक्ती भुईमुगाला नसते. माशी ही मर्यादा नेहमीच राखू शकेल असे नाही. पण तिला जिवंत ठेवून करता येतील असे उपाय आहेत.

फोरेटचा विचार डोक्यातून काढून टाकावा. अत्यंत विषारी असल्यामुळे केंद्र सरकारने २०१८ च्या आदेशाने त्यावर बंदी घातली आणि ३१ डिसेंबर २०२० पासून त्याचा वापर पूर्ण बंद झाला आहे. जुना साठा कोणी देऊ केला तरी घेऊ नये. इतर जमिनीत द्यायच्या औषधांचीही एक बाजू शेतकऱ्यांना सहसा सांगितली जात नाही. हिरवळीवरच्या प्रयोगांत इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक दिलेल्या जमिनीत टिफियाने शोधून अंडी घातलेल्या हुमण्यांचे प्रमाण कमी झालेले आढळले आहे. शिवाय श्रावण-भाद्रपदात, म्हणजे पीक सुकताना दिसल्यावर टाकलेले दाणेदार औषध वाढ झालेल्या, खोल गेलेल्या हुमणीवर नीट लागू पडत नाही, आणि त्याच दिवसांत मातीत उतरणारी माशी मात्र त्याच्या तडाख्यात सापडते. रसायन वापरायचेच असेल तर ते पेरणीच्या वेळी, बीजप्रक्रियेतून, कृषी विभागाने त्या पिकासाठी शिफारस केलेलेच वापरावे. तेव्हा अळ्या लहान असतात आणि माश्या अजून बाहेर पडलेल्या नसतात.

हिरवी बुरशी, म्हणजे मेटारायझियम, ही माशीची उत्तम जोडीदार आहे. ती कुजलेल्या शेणखतात मिसळून, सावलीत आठवडाभर ओलसर ठेवून वाढवावी आणि पाऊस झाल्यावर, जमीन ओली असताना संध्याकाळी ओळींतून द्यावी. बुरशी लागलेली हुमणी आधी कडक होते आणि नंतर तिच्यावर गर्द हिरवी भुकटी धरते; अशी अळी सापडली तर ती फेकू नये, तिथेच मातीत राहू द्यावी. बुरशी देण्याच्या आणि त्यानंतरच्या दिवसांत बुरशीनाशकाची आळवणी करू नये. चांगल्या प्रतीची बुरशी घेण्यासाठी आपल्या जिल्ह्यातील ममुराबाद किंवा पाल येथील कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी.

सर्वांत मोठा उपाय मात्र जूनमध्येच करायचा असतो. रोहिणीच्या शेवटी किंवा मृगात पहिला जोरदार पाऊस झाला की त्याच संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर जाऊन पाला खातात व जुगतात. एक मादी पुढे पन्नास-साठ अंडी घालते, म्हणजे त्या रात्री पकडलेली प्रत्येक मादी तेवढ्या हुमण्यांचा प्रश्न मिटवते. रात्री आठ-नऊच्या सुमारास झाडाखाली जुनी ताडपत्री अंथरून काठीला बांधलेल्या आकड्याने फांद्या जोरात हलवाव्यात आणि पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. हे काम एकट्याने करून भागत नाही, कारण शेजारच्या बांधावरच्या कडुनिंबावरचे भुंगेरे दुसऱ्या दिवशी आपल्याच शेतात अंडी घालतात. शिवारातल्या सगळ्यांनी पहिल्या पावसानंतरच्या आठ-दहा रात्री ते एकत्र करावे, आणि पुढे पाऊस उघडून पुन्हा आला तर त्या रात्रीही करावे. प्रकाशसापळा लावणार असाल तर तो संध्याकाळी सात ते साडेनऊपर्यंतच चालू ठेवावा. भुंगेऱ्यांची मोठी झुंड त्या वेळात येऊन जाते, आणि नंतर रात्रभर जळणाऱ्या दिव्यावर पिकाच्या उपयोगाचे इतर कीटकच जास्त मरतात.